चंद्राचा गवा केला

टेम्पोचं फाळकं धाडकन खाली पडलं आणि आतून जे जनावर उतरलं ते बघून निशिगंधा मागं सरली. रविवारची सकाळ. रंकाळ्याच्या काठाला नुसती जत्रा भरलेली, जिकडं बघावं तिकडं हिरवे टी-शर्ट, आणि त्या गराड्यात हे काळंकुट्ट, पांढऱ्या पायांचं, पाठीवर उंचवटा असलेलं काहीतरी फळीवरून खाली येत होतं. मग तिला त्याचा डावा कान दिसला. लहानपणी कुत्र्यानं फाडलेला, खालून दोन फाका झालेला कान. तसला कान उभ्या कोल्हापुरात एकाच जनावराला होता.

"चंद्रे?" निशिगंधा म्हणाली.

म्हशीनं मान वळवली आणि दावं ताणून ती तिच्याकडं यायला लागली.

"शी! काय केलंसा हे हिचं?"

काय करायचं शिल्लक ठेवलं होतं! चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेले. कपाळावर राखाडी पट्टा. शिंगं पिवळी, टोकं काळी. सगळ्या अंगाला गॅरेजातलं जळकं ऑइल चोपडलेलं, का तर गव्याच्या अंगाला तकाकी असते. पाठीवर फोमची गादी बांधून तिच्यावर काळं रेक्झिन शिवलेलं, का तर गव्याच्या पाठीला उंचवटा असतो. गणपतीत देखाव्यातले राक्षस रंगवणारा रंगारी गाठून त्याच्याकडून रातोरात म्हशीचा गवा करून घेतला होता. टर्पेंटाइनचा वास असला उग्र, की निशिगंधानं नाकाला हात लावला. चंद्रा बिचारी जीभ काढून नाकपुडी चाटायची आणि ऑइलची चव लागली की मान झटकायची.

टेम्पोच्या पुढच्या दारातून निशिगंधाचा बाप उतरला. पिराजी गवळी. डोक्याला भगवा फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, मिशीला पीळ. लेकीच्या लग्नातसुद्धा एवढा नटला नसता.

"आबा, ही आपली चंद्रा हाय."

"मग मी कुठं म्हणालो शेजाऱ्याची हाय म्हणून? विश्वजितदादा म्हणालं, गव्यासाठी पळायचं तर म्होरं गवा पायजे. खरा गवा काय दाजीपूरच्या जंगलातनं एष्टीनं येतोय व्हय?"

"पाय बघा तिचं. जनावर हाय का भिंत?"

"निघतंय की रॉकेलनं. तू कमानीवरचा फ्लेक्स बघितलास काय? दादांच्या बगलंला माझा फोटो हाय."

फ्लेक्स निशिगंधानं बघितला होता. न बघून सांगता कुणाला? शहरातला एक चौक विश्वजितदादांनी सोडला नव्हता. 'गवा जगला तर जंगल जगेल' असं वर लिहिलेलं आणि खाली गवा एवढासा, दादा केवढे तरी, हात जोडून, गॉगल लावून. जंगल जगो न जगो, दादांचा वॉर्ड जगायला पाहिजे होता. निवडणूक जवळ आली होती.

हे सगळं तिला कळत नव्हतं असं नाही. तरी ती यात पडली होती, आणि का पडली ते सांगायला पाहिजे.

पिराजीचा गोठा मंगळवार पेठेत. गोठ्याच्या तोंडाला, गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचा दुधाचा कट्टा. सकाळ-संध्याकाळ म्हशी तिथं ओळीनं बांधायच्या, गिऱ्हाइकानं काचेचा ग्लास पुढं करायचा, पिराजीनं त्यातच धार काढायची, आणि फेसाळलेलं कोमट दूध गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या घशाखाली सोडायचं. त्यात पाण्याचा थेंब मिसळायची सोय नाही. पेठेतली निम्मी माणसं त्या दुधावर वाढलेली. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी नटवून, गळ्यात घुंगरं घालून रस्त्यावर पळवायच्या. पुढं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल, तिच्या फाडफाड आवाजामागं शेपूट उभारून म्हैस, आणि दोन्ही बाजूंना शिट्ट्या मारणारी पेठ. मालकाच्या गाडीमागं जी म्हैस नेटानं पळते तिच्या मालकाला वर्षभर कॉलर ताठ करून फिरता येतं.

चंद्रा जन्मली आणि तिची आई मेली. निशिगंधा तेव्हा कॉलेजात होती. तिनं त्या रेडकाला बाटलीनं दूध पाजलं, फाटलेल्या कानाला हळद भरली, आणि पाडव्यासाठी तयार करायचं म्हणून रोज पहाटे त्याला घेऊन पळायला लागली. ती पुढं, रेडकू मागं. रेडकाची म्हैस झाली आणि निशिगंधाची पळणारी झाली. चंद्रा दोनच आवाजांमागं पळायची, एक पुंगळी काढलेली गाडी आणि दुसरी निशिगंधाची हाक. "हौऽ चंद्रे, हौऽ" म्हटलं की दोरी लागायची नाही.

दोन वर्षांखाली ती उचगावला मावशीकडं गेलती, तेव्हा तिथं उसातून एक गवा बाहेर पडला. वाट चुकलेलं, भ्यालेलं जनावर. बघता बघता अख्खं गाव आणि निम्मं शहर त्याच्यामागं लागलं. कुणी गाड्यांवर, कुणी छपरावर, हातात मोबाइल, तोंडात शिट्ट्या. पळवून पळवून, पळवून पळवून त्याला एका भिंतीशी नेलं आणि तिथं ते धपकन बसलं ते पुन्हा उठलं नाही. मेल्यावरसुद्धा लोक त्याच्या शिंगाला धरून फोटो काढत होते. त्याचे डोळे निशिगंधानं बघितले. तिला माणसांची एवढी शिसारी आली, की त्या दिवशी तिनं मावशीच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणून 'गव्यासाठी धाव' निघाली, जंगलात पाणवठे करायला, वाटा राखायला पैसे जमवायचे ठरले, तेव्हा तिनं दादांच्या गॉगलकडं काणाडोळा केला. दारोदार फिरून देणगी गोळा केली. पेठेत पहिली देणगी दिली आकारामतात्यांनी. तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, तालमीत कमावलेलं अंग, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला खोकले तर त्या टोकाचं कुत्रं उठावं. रोज संध्याकाळी कट्ट्यावर येणार, चंद्राचंच दूध मागणार, आणि पिऊन झालं की सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिला भरवणार. कधी चुकले नाहीत.

"पोरी," तात्या म्हणाले होते, "मुकं जनावर हाय. आपण न्हाई बघायचं तर कुणी बघायचं? माझं बी नाव घाल. म्हाताऱ्यांच्यात पळतो मी."

ऐकून तिचा ऊर भरून आला होता.

आणि आता ही नटवलेली चंद्रा. विश्वजितदादा गॉगल सावरत आले. अत्तराचा एवढा भपका, की टर्पेंटाइन त्यापुढं सुवास वाटावा.

"निशाताई, तोंड का पाडलंय? फक्त कमानीपर्यंत चालायचं. तुमच्या हाकेनं येती म्हणालेत पिराजीमामा. फोटो झाला की लगेच टेम्पोत."

"दादा, जनावराला त्रास हुतोय. मला हे पटत न्हाई."

"अवो, लोकांनी गव्याच्या नावानं पैसं दिल्यात. गवा दिसाय नको? टीव्हीवालं आल्यात. तुमचंच काम मोठं हुतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ऐन टायमाला नाट लावू नका ताई. पैसा अजून माझ्याच ट्रस्टमधी हाय."

हरामखोर. तिच्या अगदी जिभेवर आलं. पण उचगावचे ते डोळे तिच्यापुढं उभे राहिले, दारोदार पसरलेले हात आठवले, आणि ती शिवी तिनं गिळली. ती टर्पेंटाइनसारखीच कडू होती. दावं हातात घेऊन ती चालायला लागली. चंद्रा मुकाट तिच्या खांद्याला नाक लावून मागं आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाया-माणसं, पोरंबाळं, सगळे मोबाइल वर धरून पुढं घुसत होते. एकानं चंद्राच्या पाठीवरची गादी दाबून बघितली आणि "आयला, मऊ हाय की!" म्हणून दात काढले. दुसरा पचकन थुंकला तो गुटखा तिच्या रंगवलेल्या पायावर पडला. पांढऱ्यावर लाल. कोण कुणाला बोलणार?

कमानीखाली डॉल्बी सुरू होता. छातीत हादरे बसत होते. दादांनी झेंडा दाखवला, फटाक्यांची माळ लागली, आणि तेवढ्यात पुढं उभ्या असलेल्या पायलट गाडीनं किक मारली.

ती बुलेट होती. वर दादांचा मेहुणा राजवीर. भाऊजींच्या कार्यक्रमात आपला आवाज झाला पाहिजे म्हणून ह्या शहाण्यानं गाडीची पुंगळी काढून आणली होती.

फाड्! फाड् फाड् फाड्!

चंद्राचे कान ताठ झाले. तिची शेपूट वर उठलेली निशिगंधानं बघितली आणि दावं घट्ट आवळलं. चंद्राला डॉल्बीचं काही नव्हतं, फटाक्यांचं काही नव्हतं. पाडवा आला एवढंच तिला कळलं. घुंगरं नाहीत, पण गाडी आहे, गर्दी आहे, शिट्ट्या आहेत. पळायचं असतं. एका हिसड्यात दावं निशिगंधाच्या हातातून सालटं काढत गेलं आणि चंद्रा बुलेटच्या मागं सुटली.

राजवीरनं मागं वळून बघितलं. शिंगं रोखून, पाठीचा डोंगर हलवत, एक गवा आपल्यावर चालून येतोय! म्हशीला गवा करताना हा स्वतः बाजूला उभा राहून वडापाव खात होता. पण भ्याल्यावर डोकं कुठलं जाग्यावर राहतंय? त्यानं गाडी पिळली. गाडी जास्त ओरडली, तशी चंद्रा जास्त नेटानं पळाली. ठरल्या वाटेनं फुलेवाडीकडं वळायचं सोडून त्यानं शहराकडं हँडल मारलं, आणि चंद्राही इमानदारीनं त्याच्यामागं वळली.

"गवा सुटलाऽ!" कुणीतरी बोंबललं.

पिराजी गवळी फेटा धरून "अवो म्हैस हाय, आमची म्हैस हाय!" करत चार पावलं पळाला आणि गुडघा धरून बसला. त्याचं कोण ऐकतंय? निम्मे हिरवे टी-शर्ट लहान पोरं काखोटीला मारून पळाले. राहिलेले निम्मे मोबाइल काढून चंद्राच्या मागं लागले.

निशिगंधा पळाली. ती एकवीस किलोमीटर पळायला आली होती, दम राखून, हिशोबानं. सगळे हिशोब मागं टाकून ती जीव खाऊन पळाली. "हौऽ चंद्रे, हौऽ" ओरडत होती, पण बुलेटच्या फाडफाडीत आणि लोकांच्या कालव्यात तिचा आवाज तिलाच येईना. गंगावेशीत भाजीवाल्या बायका बुट्ट्या टाकून दुकानांत शिरल्या होत्या. रस्त्यावर कोथिंबिरीचा आणि टोमॅटोचा चिखल झालेला. माड्यांवरून माणसं वाकून ओरडत होती, "हाणा, हाणा! मंडईकडं जाऊ दिऊ नगा!"

वरून चपला येत होत्या, फुटक्या कुंड्या येत होत्या, दगड येत होते. आणि दगड मारणाऱ्या कितीजणांच्या अंगात तोच हिरवा टी-शर्ट! छातीवर गव्याचं चित्र, हातात धोंडा. शी! माणसं आहेत का कोण आहेत? ज्या पेठांनी पिढ्यानपिढ्या म्हशीचं दूध प्यालं, जिथल्या माणसाला अंधारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तर ती कुणाच्या गोठ्यातली ते सांगता येतं, त्यांच्या डोळ्यांवर डबाभर पांढऱ्या रंगानं कातडं ओढलं होतं. आणि समजा, असता खराच गवा. मग? मग हाणायचा होता? कशासाठी पळायला आला होता रे तुम्ही, टवाळांनो?

राजवीर एका बोळात शिरला, गाडी बंद केली, आणि कुणाच्या तरी घरात घुसून त्यानं कडी लावली. आवाज थांबला. चंद्राही थांबली. पुढं गाडी नाही, मागं मालकीण नाही. नदीकडं उतरणाऱ्या त्या बोळाच्या शेवटी भिंत होती. चंद्रा भिंतीकडं बघून उभी राहिली, आणि वळली तेव्हा बोळाचं तोंड माणसांनी भरलं होतं.

निशिगंधा तिथं पोचली तेव्हा तिला पुढचं काही दिसत नव्हतं, नुसत्या पाठी दिसत होत्या. घामानं चिकटलेल्या, वास मारणाऱ्या पाठी. तिनं कोपरं घातली, चावे घ्यायचे तेवढे बाकी ठेवले.

"सोडा मला! म्हैस हाय ती! आमची म्हैस हाय!"

"ताई, मागं सरा, पिसाळलाय त्यो."

"त्याचं पोट फुटलंय बघ! आतडं बाहेर आल्यात!"

ती दोघांच्या मधून पुढं घुसली. पण ती आतडी नव्हती. पाठीवरची गादी सुटून पोटाखाली लोंबत होती आणि रेक्झिन फाटून पिवळा फोम बाहेर आला होता. एकजण लांब बांबूनं तो फोम ढोसत होता आणि त्याचा मित्र त्याला सांगत होता, "जरा वर घे, वर घे, लाइट चांगला हाय." चंद्राच्या तोंडाला फेस आला होता. अंगातून वाफ निघत होती. आणि तिचे डोळे! उचगावच्या भिंतीशी बघितलेलेच डोळे होते ते.

"फ्रेममधनं बाजूला व्हा की ओ पावणं," मागून कुणीतरी निशिगंधाला म्हणालं.

तिनं वळून त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि भिंतीवर फेकून मारला. काच फुटली. तो आवाज झाला आणि क्षणभर बोळ गप्प झाला. त्या शांततेत तिनं छाती भरून हाक मारली.

"हौऽ चंद्रे, हौऽ!"

फाटका कान हलला. चंद्रानं मान वर केली आणि हाकेच्या दिशेनं सरळ चालू लागली. "अंगावर आलाऽ!" म्हणून सगळे शूर वीर एकमेकांना तुडवत बोळाबाहेर पळाले. चपलांचा खच पडला. चंद्रा आली आणि तिनं निशिगंधाच्या काखेत तोंड खुपसलं. तिचं सगळं धूड थरथरत होतं. निशिगंधा तिच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली आणि जळक्या ऑइलनं बरबटलेल्या त्या मानेवर ढसाढसा रडली. मग तिचं लक्ष खाली गेलं. कासेवर दगड बसला होता. एक सड टरारून सुजला होता आणि त्याच्या तोंडातून रक्ताचे थेंब फरशीवर पडत होते.

"अय्यो, म्हैसच हाय की!" पुढचे दोघं-चौघं परत आले होते, त्यातला एक म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण ते सकाळ फुकट गेली याचं. "च्यायला, सगळं पळणं वाया."

विश्वजितदादा गाडीतून आले. आधी आजूबाजूला कॅमेरा आहे का बघितलं, मग हात जोडले. "निशाताई, झालं ते झालं. डॉक्टरचा खर्च माझा. फक्त म्हैस हुती म्हणून कुठं बोलू नका. मागच्या लोकांस्नी काय ठावं न्हाई."

ती त्यांच्या पायापुढं थुंकली. आयुष्यात ती अशी पहिल्यांदाच रस्त्यावर थुंकली, आणि तरी तोंडातली घाण गेली नाही.

दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर आलं होतं, 'शहरात शिरलेला गवा मॅरेथॉनपटूंच्या प्रसंगावधानामुळे सुखरूप जंगलात. विश्वजितदादांच्या कार्याला सलाम.' खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. देणग्यांना ऊत आला म्हणे. ज्यांनी चंद्राला पाच हातांवरून बघितलं होतं त्यांनी तोंड उघडलं नाही. म्हशीला घाबरून पळालो हे कोण सांगेल?

गोठ्यात पिराजी चंद्राच्या पायाशी बसला होता. फेटा डोक्यावर तसाच. रॉकेलचा बोळा घेऊन पाय घासत होता. रंग निघत नव्हता, खालची कातडी मात्र लाल होत चालली होती.

"आबा, पुरे," निशिगंधा म्हणाली. "जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, राहू दे म्हणून."

"मला काय ठावं त्यो येडा पुंगळी काढून येतोय म्हणून," पिराजी म्हणाला. त्यानं बोळा खाली टाकला. "मी फोटोपायी केलं गं."

तिला बापाची कीव आली नाही. राग आला, आणि रागापेक्षा जास्त किळस आली. स्वतःचीही आली. दावं तिच्याच हातात होतं, आणि पैशाचं नाव काढल्यावर तीच मुकाट चालली होती. चंद्राच्या पाठीवर तिनं ओलं पोतं टाकलं आणि तिला कट्ट्याच्या टोकाला, बाकीच्या म्हशींच्या पलीकडं, कडुलिंबाखाली बांधलं. गोठ्यात रॉकेलनं तिला ठसका लागत होता. सुजलेल्या सडातून थोड्या थोड्या वेळानं पिळून काढायचं आणि ओतून टाकायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तो सड पुन्हा दुधाचा होईल का, हे विचारल्यावर बाईंनी नकारार्थी मान हलवली होती.

दिवेलागणीला कट्ट्यावर माणसं जमायला लागली. त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. गवा केवढा होता, कुणाच्या अंगावरून कसा गेला. ऐकणाऱ्याच्या हातात ग्लास, सांगणाऱ्याच्या हातात ग्लास. पिराजी खाली मान घालून धारा काढत होता. निशिगंधा टोकाच्या अंधारात चंद्राच्या अंगावरच्या माशा हाकलत बसली होती.

आकारामतात्या आले. अंगात अजून तो हिरवा टी-शर्ट, गळ्यात पळाल्याचं पदक. पोटावर ताणून गव्याचं तोंड रुंद झालेलं. चालणं तर असं, की आत्ता कुस्ती मारून आले. ते सरळ टोकाला तिच्याकडंच आले आणि रिकामा ग्लास पुढं केला.

"पोरी, चंद्राचंच काढ. आज अंगात कस राहिला न्हाई. तू हुतीस का तिथं गवा आला तवा?"

"हुतो की, तात्या."

"मग बघितलंस की न्हाई?" तात्यांनी आवाज चढवला. कट्टा ऐकायला लागला. "म्या गंगावेशीच्या कोपऱ्याला उभा. सगळी पळाली शेंड्या धरून. मी म्हटलं, आकाराम, बाया-पोरं हाईत, आता मागं सरायचं न्हाई. हा असला धोंडा घेतला, दोन हातांत मावंना, आणि हाणला की! असा बसला, असा बसला मागल्या पायांच्या मधी, की जनावर कळवळून तिरपं झालं. अजून एक धोंडा गावला असता तर मीच लोळवला असता त्याला!"

"भले तात्या!" कुणीतरी म्हणालं. कट्टा हसला.

निशिगंधा तात्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. पहिली देणगी देणारं तोंड. मुकं जनावर म्हणणारं तोंड. तिनं हात लांब करून त्यांच्या हातातला ग्लास घेतला, चंद्राच्या मागल्या पायाशी उकिडवी बसली, आणि सुजलेल्या सडाला हलकेच बोटं लावली. चंद्रानं पाय आपटला, पण मारला नाही. निशिगंधानं पिळलं. थोडंसंच आलं. ती उठली आणि ग्लास तात्यांच्या हातात दिला.

"घ्या तात्या. गव्याचं हाय."

तात्यांनी हसत ग्लास तोंडाशी नेला आणि थांबले. खांबावरच्या दिव्याखाली धरून बघितला. दुधाला फेस होता आणि फेसाखाली ते लालभडक होतं. त्यांनी ग्लासातून नजर काढली ती चंद्राच्या पायांवर गेली. गुडघ्यापर्यंत पांढरे पाय. तिथून सुजलेल्या कासेवर गेली. तिथून वर फाटक्या कानावर. तात्यांनी ग्लास हळूच खाली घेतला.

चंद्रानं मान लांब केली आणि रोजच्यासारखं त्यांच्या खिशाला नाक लावून हुंगलं. टी-शर्टाला खिसा नव्हता. तिनं गव्याच्या चित्रावर जीभ फिरवली, मग त्यांचा मोकळा हात चाटायला लागली.

"द्या की गूळ," निशिगंधा म्हणाली. "वाट बघालीय ती."